खासनीससाहेबांचे ताट

१

वाढलेल्या ताटासमोर माणूस मरून पडावा, हे दृश्य पोलिसांनाही सोसत नाही. फौजदार श्रीकृष्ण मोहिते बडोद्याच्या अकोटा भागातल्या त्या टुमदार बंगल्याच्या जेवणघरात उभे होते आणि मृताच्या चेहऱ्याकडे बघायचे टाळून त्याच्या ताटाकडेच बघत होते.

ताटात वरणभात होता. कालवलेला, पण एका कडेनेच थोडा खाल्लेला. डावीकडे मीठ, लिंबाची पिळलेली फोड, कोशिंबीर. भाजीची वाटी काठोकाठ भरलेली. वाट्यांच्या रांगेत मध्येच एका वाटीपुरती जागा मोकळी. पोळ्यांचा डबा झाकलेला. आणि टेबलाखाली, खुर्चीसकट आडवे झालेले दीनानाथ खासनीस, ज्यांना सगळे बडोदे खासनीससाहेब म्हणत असे.

"सायनाइड," डॉक्टर उठता उठता म्हणाले. "वास येतोय ना? हे पोटात गेलं की माणूस फार काळ काढत नाही. घास घेतला, एकदोन घास आणखी खाल्ले असतील, आणि संपलं."

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीतला रविवार होता. बाहेर गच्चीगच्चीवरून पतंगांचा आरडाओरडा चालू होता, आणि साहेब कोसळले तेव्हा घरात होता फक्त एक माणूस. साहेबांचा भाचा मुकुंद देवधर. तिशीतला, काटकुळा, ओठ पांढरे पडलेला. शहराबाहेर बाजव्याजवळ त्याचे धातूंना मुलामा देण्याचे छोटे वर्कशॉप होते, आणि मुलाम्याच्या धंद्यात सायनाइड लागते हे मोहित्यांना कुणी सांगायला नको होते.

"मला काय झालं ते सांगा," मोहिते म्हणाले.

"मी भात वाढला. वरण घातलं, तूप घातलं आणि व्हरांड्यात आलो. तेवढ्यात खुर्ची पडल्याचा आवाज." मुकुंदाचा आवाज चिरकला. "मामा नुकतेच बसले होते हो जेवायला! नुकतेच!"

मोहित्यांनी पुन्हा एकदा ताटाकडे पाहिले. भातापर्यंत आलेले जेवण म्हणजे संपत आलेले जेवण. त्यांची बायको हंसा नडियादची. तिच्या हातची गरम रोटली आणि शाक आधी, आणि दाळभात वाढला की समजायचे, आता उठायचे. गेली चौदा वर्षे त्यांचे पोट याच घड्याळावर चालले होते. हा भातही पोट भरलेल्या माणसाने चिवडावा तसा चिवडलेला होता. भाजी पुन्हा वाढून घेतली आणि मग खावीशी वाटली नाही, असे दिसत होते. म्हणजे साहेब चांगले अर्धा तास जेवत होते.

आणि हा म्हणतो, नुकतेच बसले होते.

मुकुंद खोटे बोलत होता. प्रश्न एवढाच होता की का.

२

कमलाताई देवधर, साहेबांची विधवा धाकटी बहीण आणि मुकुंदाची आई, दांडिया बाजारात पुतणीच्या घरी बारशाला गेल्या होत्या. त्यांना रिक्षातून आणले तेव्हा त्या रडल्या नाहीत. पदर घट्ट लपेटून भिंतीशी बसल्या आणि पहिले वाक्य बोलल्या ते हे : "दादाला मूलबाळ नाही. अग्नी मुकुंदानंच द्यायचाय. त्याला कुठं नेऊ नका."

मोहित्यांनी नजर खाली घातली. बाईंना पोलिसांची पावले बरोबर ऐकू आली होती.

"साहेबांविषयी सांगा," ते म्हणाले. "कोण माणूस होता?"

मग त्या बोलू लागल्या, आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. वडील हुजूर कचेरीत साधे कारकून. दादा त्यांच्या कचेरीतल्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीमागे गणिते सोडवून शिकला. संस्थानच्या हिशेबखात्यात लागला. संस्थान विलीन झाले तेव्हा मोठमोठे अंमलदार घरी बसले. दादा मुंबईला गेला, पुन्हा तळापासून चढला. गुजरात वेगळा झाला तेव्हा सगळे मराठी अंमलदार म्हणाले, चला, आपण महाराष्ट्रात जाऊ. "दादा म्हणाला, माझं बडोदं जिकडे, तिकडे मी. लोक हसले त्याला." मग अहमदाबादला अर्थखाते, मग दिल्ली, आणि तिथून थेट वॉशिंग्टनच्या त्या मोठ्या बँकेत, जी देशच्या देशांना कर्ज देते.

"तिथं मंत्री यायचे म्हणे याच्यासमोर. धरणाला कर्ज द्या, बंदराला द्या. हा विचारायचा, धरण झाल्यावर त्याचं पाणी कोण पिणार ते सांगा. ज्याला सांगता आलं नाही, त्याला नाही. नाही म्हणायला दादा एक दिवस लावायचा नाही. हो म्हणायला मात्र वर्ष लावायचा."

"आणि परत आल्यावर?"

"सरकार अजून विचारायचं त्याला. इकडच्या कुठल्या कारखान्याला परदेशी कर्ज द्यावं, कुठल्याला नाही. याच्या शब्दावर अडायचं." त्यांनी पदर सारखा केला. "एवढं जग फिरला, पण जेवण मात्र जन्मभर आईच्या हातचंच. पहिल्या घासाला तूप आणि हिंग्वाष्टक चूर्ण. अमेरिकेला पहिल्यांदा गेला तेव्हा तिथल्या जकातवाल्यानं चूर्णाचा डबा उघडला, आणि हिंगाचा वास आल्यावर दोन हात मागे सरकून म्हणाला, न्या, न्या!"

मोहिते हसणार होते, पण त्यांच्या मनाने चूर्ण हा शब्द उचलला होता. चूर्णाची बरणी त्यांनी ताबडतोब तपासायला पाठवली. संध्याकाळी प्रयोगशाळेतून निरोप आला. बरणी स्वच्छ. भात, वरण, भाजी, पाणी सगळे स्वच्छ.

नाहीतरी चूर्णात असते तर साहेब पहिल्याच घासाला गेले असते, मोहित्यांनी स्वतःला समजावले. ते तर भातापर्यंत जेवले. चूर्णाचा विषय त्यांनी तिथेच मिटवला.

विष शेवटी शेवटी दिले गेले होते. आणि शेवटी घरात मुकुंदाशिवाय कुणीच नव्हते.

३

तरीही मोहित्यांना घाई करायची नव्हती. साहेबांच्या मरणाने कुणाचे भले होणार होते, हे बघायलाच हवे.

पहिले नाव धनाजीराव माने यांचे. पन्नाशीचे, गळ्यात सोन्याची साखळी, बोटात पोवळे. बाजव्याच्या बाजूला त्यांचा रंगरसायनांचा कारखाना, आणि तो दुप्पट करायला त्यांना परदेशी कर्ज हवे होते. ते खासनीससाहेबांच्या शब्दावर अडले होते. साहेबांशी त्यांची त्याच दिवशी चार वाजता भेट ठरली होती. ते चारला आले आणि फाटकातच पोलीस बघून मटकन खाली बसले, असे शेजारच्या आनंदरावांनी सांगितले.

"मी सकाळपासून कारखान्यात होतो," धनाजीराव म्हणाले. "दोनशे लोकांनी बघितलंय मला. आज बॉयलर उघडला होता आम्ही."

"साहेबांनी तुमचं कर्ज नाकारलं असतं तर?"

"तर मी बुडालो असतो." ते सरळ म्हणाले. "पण मेलेला माणूस हो कसा म्हणेल, फौजदारसाहेब? मला तर ते जिवंतच हवे होते."

हे खरेच होते. मोहिते उठले, पण धनाजीराव अजून काहीतरी घोळवत होते.

"एक सांगू? वर्षभर साहेबांचा प्रत्येक निरोप मला पोंक्षेंकडून यायचा. मी त्यांना कधी थेट भेटलोच नाही. काल संध्याकाळी पहिल्यांदाच साहेबांनी स्वतः फोन केला. म्हणाले, उद्या चारला या, आणि एकटे या."

"एकटे का?"

धनाजीरावांनी खांदे उडवले. पण त्यांची नजर जमिनीकडे गेली, आणि मोहित्यांनी ती जाताना पाहिली. हा माणूस काहीतरी गिळत होता.

४

सुभाष पोंक्षे स्वतःहूनच ठाण्यावर आले. अहमदाबादला साहेब अर्थखात्यात होते तेव्हापासूनचे त्यांचे लघुलेखक. साहेब अमेरिकेत असताना यांनी सरकारी नोकरी पुरी केली, आणि साहेब बडोद्याला परतल्यावर पुन्हा त्यांच्या सेवेला लागले. राहायलाही त्याच गल्लीत. पांढराशुभ्र शर्ट, बोलण्यात मऊपणा, हातात रुमाल. मोहित्यांना पहिल्या नजरेतच त्यांचा आधार वाटला. दुःखात बुडालेल्या घरातल्या कामाच्या माणसाचा वाटतो तसा.

"सकाळी मी गेलो होतो," पोंक्षे म्हणाले. "कमलाताई तेव्हा बारशाला निघतच होत्या. साहेबांनी दोन पत्रं सांगितली, ती घेतली आणि दहाच्या सुमारास निघालो. तिथून थेट वाचनालय. दुपारी मुकुंदाचा फोन आला तेव्हा घरी होतो. धावतच गेलो. पण आत मात्र गेलो नाही हो. माझ्यानं बघवेना. बाहेरच्या खोलीतच बसून राहिलो, आणि डॉक्टर आल्यावर घरी परतलो."

"मुकुंदाचं आणि साहेबांचं काही बिनसलं होतं?"

पोंक्षेंनी रुमाल डोळ्यांना लावला. "बोलू नये. पण मागच्या आठवड्यात मोठं भांडण झालं. मुकुंदाला वर्कशॉप वाढवायचं होतं, त्याच्या परवान्याचे कागद मीच करतो म्हणून मला ठाऊक. बँकेत मामानं शब्द टाकावा, अशी त्याची इच्छा. साहेब म्हणाले, मी परक्यासाठी शब्द टाकत नाही, घरच्यासाठी तर मुळीच नाही."

"तो म्हणतो, साहेब नुकतेच जेवायला बसले होते. मला तर दिसतंय की जेवण संपत आलं होतं."

पोंक्षेंनी रुमाल खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण किंचित सैल झाला. नंतर कित्येक दिवस मोहित्यांना तो चेहरा आठवत राहिला, पण त्या वेळी त्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही.

"हो ना," पोंक्षे म्हणाले. "शेवटचाच भात होता तो ताटात. मुकुंद का खोटं बोलतोय, देव जाणे."

मुकुंदाच्या वर्कशॉपमध्ये सायनाइडचा डबा सापडला, झाकण सैल, आतला माल कमी. सोमवारी सकाळी मोहित्यांनी त्याला बंगल्यातूनच उचलले. कमलाताई दारात उभ्या होत्या. मुकुंदाच्या हातांत बेड्या पडल्या तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाल्या, "दुपारी दादाला दवाखान्यातून घरी आणतायत. तोवर माझा मुलगा परत आला पाहिजे. नाहीतर दादा इथंच राहील. परक्याच्या हातचा अग्नी मी त्याला देऊ देणार नाही."

"मुकुंदा, खरं सांगून टाक," मोहिते जीपमध्ये त्याला म्हणाले.

"खरंच सांगितलंय," तो म्हणाला. "तुम्हाला दुसरं काय ऐकायचंय ते तुम्हीच सांगा. तेही सांगतो."

खुनी माणसे असे बोलत नाहीत. पण पुरावा पुरावाच असतो, असे मोहिते मनाशी घोकत राहिले.

५

त्या दुपारी हंसा नडियादला माहेरी होती. घरी चूल थंड, आणि ठाण्यातला चहा पिऊन पिऊन तोंड कडू झालेले. मोहित्यांचा हवालदार रावजीभाई म्हणाला, "साहेब, चालो ने, दांडिया बाजारमां. पेली मराठी बेननी खाणावळ छे, घर जेवुं खावानुं." भूक कुणाला चुकली आहे!

मंदाताई लेल्यांची खाणावळ म्हणजे वाड्याची ओसरी, चार बाके आणि भिंतीवर गणपतीचे कॅलेंडर. मोहिते बसले. ताट आले. मीठ, लिंबू, कोशिंबीर, भाजी. मग मंदाताई स्वतः आल्या, वाफाळत्या भाताची मूद घातली, वर पिवळेधमक वरण, वर तूप.

"ओ ताई, भात नंतर," मोहिते म्हणाले. "आधी पोळी वाढा ने."

"पोळी येतेय की. आधी वरणभात, मग पोळी." मंदाताईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "मोहिते ना तुम्ही? मराठ्यांत आणि गुजरात्यांत भाकरी-रोटी आधी, ते माहीत आहे मला. पण आम्हा ब्राह्मणांच्या घरात पानाची सुरुवातच भातानं होते. लग्नामुंजीत जेवला नाहीत का कधी?"

जेवले होते. शंभरदा जेवले होते. बडोद्यात जन्म गेला, किती पंगती उठवल्या, आणि तरीही चौदा वर्षांच्या रोटलीने ते पार पुसून टाकले होते.

मोहित्यांचा हात भाताच्या वर थांबला. त्यांच्या ताटात अजून न चिवडलेला वरणभात होता, काठोकाठ भरलेली भाजीची वाटी होती, आणि पोळी अजून यायची होती. हेच ताट त्यांनी काल पाहिले होते.

खासनीससाहेब शेवटच्या भातावर नव्हते. पहिल्या भातावर होते. ते नुकतेच बसले होते.

"साहेब, शुं थयुं?" रावजीभाईने विचारले.

मोहिते ताटावरून तसेच उठले. मंदाताई ओरडल्या, अहो, अन्नावरून उठू नये! पण जीप तोवर चालू झाली होती.

६

ते आधी कोठडीत गेले. मुकुंद भिंतीला टेकून बसला होता.

"तू पोंक्षेंना फोन केलास. ते आले तेव्हा तू कुठं होतास?"

"फाटकाशी. डॉक्टरांना घर सापडत नाही, म्हणून रस्त्यावर उभा होतो."

"म्हणजे पोंक्षे घरात एकटे होते."

"डॉक्टर येईपर्यंत, हो." मुकुंदाने डोळे वर केले. "का?"

तिथून जीप धनाजीरावांकडे. या वेळी मोहिते बसले नाहीत. "माने, मुकुंद फासावर जाईल. तुम्ही काय गिळताय ते आता बाहेर काढा." धनाजीरावांनी पोवळ्याची अंगठी दोनदा फिरवली आणि मान खाली घातली. वर्षभर पोंक्षे साहेबांच्या नावाने त्यांच्याकडून वसुली करत होता. साहेबांना लागतं, असे म्हणून. आणखीही चारपाच कारखानदारांकडून. शनिवारी साहेबांनी फोनवर विचारले होते : माझ्या नावानं तुमच्याकडे कोण येतं? आणि धनाजीरावांनी घाबरून ते त्याच रात्री पोंक्षेच्या कानावर घातले होते.

ज्या जिभेने देशोदेशींच्या मंत्र्यांना तोंडावर नाही म्हटले, तिची किंमत एका लघुलेखकाने बाजारात लावली होती. आणि रविवारी चार वाजता ते उघडे पडणार होते.

बंगल्यावर पोचेपर्यंत दुपार कलली होती. साहेबांना आणले होते. बाहेरच्या खोलीत, पांढऱ्या चादरीखाली. बाहेर पुष्कळ मोटारी उभ्या होत्या, आणि पोंक्षे पांढऱ्याशुभ्र शर्टात आल्यागेल्याला पाणी देत होते.

मोहिते स्वयंपाकघरात कमलाताईंसमोर खाली बसले. "बाई, काल निघताना तुम्ही ताटात काय काय ठेवलं होतंत? सगळं सांगा."

"मीठ, लिंबू, कोशिंबीर, भाजी. भात-वरण मुकुंदानं गरम वाढायचं होतं. आणि चूर्ण. लहान चांदीच्या वाटीत. दादा पहिला घास त्या वाटीतच कालवायचा, तूप आणि चूर्ण घालून." त्या एकदम थांबल्या. "चूर्ण मीच घातलं होतं. माझ्या हातानं."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मोहित्यांनी घाईने म्हटले, "बाई, तुम्ही ठेवलेलं चूर्ण साहेबांच्या तोंडात गेलंच नाही. ते कुणीतरी बदललं. ऐकताय ना? तुमच्या हातून काही झालेलं नाही."

मग त्यांनी पोंक्षेंना जेवणघरात बोलावले. धनाजीराव, डॉक्टर, आनंदराव दाराशी उभे राहिले. टेबल पुसलेले होते, खुर्ची सरळ केलेली होती.

"पोंक्षे, तुमच्या घरी ताटात आधी काय वाढतात?"

पोंक्षे हसले. "हा काय प्रश्न झाला?"

"वरणभात. होय ना? तुमच्या, साहेबांच्या, कमलाताईंच्या, सगळ्यांच्या घरी. ताटात वरणभात, म्हणजे माणूस नुकताच बसलाय. हे मुकुंदाला इतकं उघड होतं, की ते मला समजावून सांगावं असंही त्याला वाटलं नाही. मी मात्र घरी रोटली आधी खातो. माझी समजूत झाली की जेवण संपलं. चूक माझी. पण काल मी ती चूक तुमच्यासमोर बोललो तेव्हा तुम्ही, जन्मभर पहिला भात खाल्लेला माणूस, मला म्हणालात, हो ना, शेवटचाच भात होता तो. का?"

पोंक्षेंच्या हातातला रुमाल स्थिर झाला.

"मी सांगतो. साहेब पहिल्या भाताला गेले असं कळलं, की प्रश्न येतो, पहिल्या घासाबरोबर ते काय घ्यायचे? चूर्ण. आणि चूर्णाची वाटी सकाळीच भरून ठेवलेली. म्हणजे खुन्यानं दुपारी घरात असायची गरजच नाही. शेवटच्या भाताला गेले म्हटलं, की चूर्ण निर्दोष आणि मुकुंद दोषी. माझ्या चुकीनं फक्त एकाच माणसाचा फायदा होता, आणि त्या एकाच माणसानं तिला दुजोरा दिला. माने काही बोलले नाहीत. मुकुंद तर खरंच बोलत होता."

"साहेब, दुःखाच्या भरात माणूस काहीही..."

"आणि तुम्ही आत आलाच नव्हता ना? बाहेरच्या खोलीत बसून होता. मग ताटात भात होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर फक्त जेवण म्हणालो होतो."

कमलाताई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सकाळी तुम्ही पाणी प्यायला म्हणून आत गेला असाल. या घरात तुम्हाला कोण अडवणार? वाटीतलं चूर्ण बदललंत. विष मुकुंदाच्याच वर्कशॉपमधलं, त्याच्या परवान्याचे कागद तुम्हीच करता, तिथंही मोकळी ये-जा. दुपारी तो फाटकाशी गेल्यावर तुम्ही वाटी उचललीत, कारण विषाचा अंश फक्त तिच्यात होता. ताटात तेवढीच जागा मोकळी राहिली. रावजीभाई!"

रावजीभाई बाहेरून आला. पोंक्षेंच्या स्कूटरची डिकी त्याने एव्हाना उघडली होती. त्याच्या हातात डिकीतले पिवळे फडके होते, आणि ते दारातून आत आले तसा सगळ्या जेवणघरात हिंगाचा उग्र वास पसरला. वाटी मिळाली नाही. ती बहुधा विश्वामित्री नदीच्या तळाशी होती. पण ज्या फडक्यात गुंडाळून ती नेली, ते फेकायचे पोंक्षेंना सुचले नव्हते. जन्मभर टिपणे काढणाऱ्या माणसाने एवढेच टिपायचे सोडले होते. आता फडके प्रयोगशाळेत जाणार होते, आणि तिथून काय निरोप येईल हे पोंक्षेंच्या चेहऱ्यावर आधीच उमटले.

"त्यांनी मला कधी काही मागू दिलं नाही," पोंक्षे हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला होता. "सोळा वर्षं. सगळ्या जगाला कर्जं दिली. माझ्या मुलाच्या नोकरीसाठी एक शब्द मागितला तर म्हणाले, नाही. ताबडतोब म्हणाले."

"मलाही नाहीच म्हणायचा दादा," उंबरठ्यावरून कमलाताई म्हणाल्या. "मी जेवायला घालतच राहिले ना?"

पोंक्षेंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. रावजीभाईने त्यांचा दंड धरला तेव्हा ते मुकाट्याने चालू लागले.

७

मुकुंदाला मोहित्यांनी स्वतःच्या जीपमधून आणले. अकोट्याच्या पुलावर मोहिते एकदाच म्हणाले, "मुकुंदा, माझी चूक झाली." मुकुंदाने मान हलवली, पण ते ऐकल्याबद्दल की मान्य केल्याबद्दल, हे मोहित्यांना कळले नाही. मनगटांवरचे वळ तो बाहीने झाकत होता.

बंगल्यासमोर मोटारी पुष्कळ होत्या, माणसे मात्र मोटारींपाशीच थबकली होती. खून, बेड्या, पोलीस, हे ऐकून अहमदाबादहून आलेले जुने अंमलदार आणि बँकांचे साहेब हार ठेवून मागे सरकले होते. तिरडी बांधून झाली होती. मुकुंदाने डोक्यावरून पाणी घेतले, ओल्या धोतराने मडके हातात घेतले आणि पुढे उभा राहिला. कमलाताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्या वळल्या.

तिरडीशी तीन माणसे उभी होती. धनाजीराव, शेजारचे आनंदराव आणि डॉक्टर. चौथ्या टोकाशी कुणी नव्हते. ती जागा पोंक्षेंची होती. सकाळपासून सगळे तसेच धरून चालले होते.

मोहिते दूर, फाटकाशी उभे होते. आपण आता निघावे, असे त्यांच्या मनात होते. गुन्हा उलगडला होता. आणखी इथे थांबायची त्यांना लाज वाटत होती.

"फौजदारसाहेब," कमलाताईंची हाक आली. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "सकाळी माझ्या मुलाला तुम्ही बेड्या घातल्यात."

मोटारींपाशी उभी असलेली माणसे वळून बघू लागली. मोहित्यांनी मान खाली घातली. "होय, बाई."

"मी ते विसरणार नाही. पण दादाजवळचा एक माणूस आज कमी आहे, आणि ज्यानं तो हुडकून काढला तोच त्याच्या जागी उभा राहील. या. खांदा द्या."

मोहित्यांनी टोपी काढून रावजीभाईच्या हातात दिली, कमरेचा पट्टा सोडला, फाटकातच बूट उतरवले आणि अनवाणी पायांनी अंगण ओलांडून तिरडीच्या रिकाम्या टोकाशी वाकले. बांबू खांद्यावर आला. पुढे मुकुंदाने एकदा मागे वळून पाहिले, चौथा खांदा कुणाचा आहे ते बघितले, आणि चालायला सुरुवात केली.